पाठीवरचं इंजिन

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरातला रविवार. शिकागोच्या पश्चिमेला आमच्या घरापासून तासाभरावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे गेलो होतो. बायकोला लाकडी स्टूल हवं होतं आणि मला काहीच नको होतं. (घरातून निघताना मी नेहमी असंच म्हणतो.) एका टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर आठ-दहा साखळीची घड्याळं मांडलेली होती. त्यातलं एक उचललं, उलटं केलं आणि तिथेच खिळलो. पाठीवर वाफेचं इंजिन कोरलेलं होतं.

"रेलरोड वॉच आहे," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले. "एल्जिन. शंभर वर्षांपूर्वीचं. चालू आहे." कानाला लावलं. टिकटिक खणखणीत. एकशे साठ सांगितले, एकशे चाळीसला दिलं. घासाघीस जमली म्हणून मी खूश. स्टूल राहिलंच.

इंजिन बघून मी का विरघळलो ते सांगायला हवं. माझे आजोबा जीआयपी रेल्वेत गार्ड होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून निघून आमचं कुटुंब जिथे जिथे गेलं, तिथे तिथे त्यांचं खिशातलं घड्याळ एका पत्र्याच्या डब्यात बरोबर गेलं. त्याच्या पाठीवरही इंजिन आहे. लहानपणी त्याला हात लावायची परवानगी नव्हती. वर्षातून एकदा, दसऱ्याला, बाबा ते काढून पुसायचे आणि गोष्ट सांगायचे. पावसाळ्यात रुळाखालचा भराव खचला होता, अण्णांनी गाडी वेळेत थांबवली, म्हणून गोऱ्या साहेबाने रेल्वेतर्फे हे घड्याळ बक्षीस दिलं. तर इंजिनवालं घड्याळ म्हणजे रेल्वेचं घड्याळ, हे माझ्या डोक्यात पाच वर्षांचा असल्यापासून पक्कं होतं. एकशे चाळीस डॉलर त्या समजुतीचे दिले.

घरी येऊन मागचं झाकण उघडलं. आत एक नंबर होता. एल्जिनच्या नंबरांच्या याद्या सहज मिळतात. नंबर टाकला तर वर्ष आलं ते कंपनी बंद पडत आल्याच्या सुमाराचं. मी चक्रावलो. रात्री एक वाजता लक्षात आलं की हा नंबर घड्याळाचा नाहीच, डबीचा आहे. डबी वेगळ्या कारखान्याची, तिचा हिशोब वेगळा. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर चुकीच्या टेबलातली की घेऊन मी दुसऱ्याच टेबलात रेकॉर्ड शोधत होतो. खरा नंबर यंत्रावर असतो, आणि त्यासाठी आतलं दुसरं झाकण उघडावं लागतं. ते उघडायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या शनिवारी एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने अंगठ्याने झाकण उघडलं, भिंग लावलं आणि चार सेकंदांत निकाल दिला. एल्जिन खरं आहे, १९१० च्या आसपासचं आहे, सात ज्वेलचं आहे, आणि रेल्वेच्या इंजिनात याला कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं. मी म्हटलं, मग पाठीवर इंजिन? तो हसला. "तुमच्या टी-शर्टवर नासा लिहिलंय म्हणून तुम्ही चंद्रावर जाऊन आलात का?"

त्या दिवसापासून मी या नादाला लागलो.

मुळात रेलरोड वॉच म्हणजे काय, ते आधी. १८ एप्रिल १८९१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यात किप्टन नावाच्या स्टेशनाजवळ लेक शोअर अँड मिशिगन सदर्न रेल्वेच्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एक जलद टपालगाडी, दुसरी प्रवासी गाडी. प्रवासी गाडीने किप्टनला बाजूला होऊन टपालगाडीला वाट द्यायची होती. नेहमी सांगितली जाते ती हकीकत अशी की प्रवासी गाडीच्या ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, आणि त्या चार मिनिटांचा त्याला पत्ताच नव्हता. टपालाच्या डब्यातले कारकून यात गेले. एकेरी मार्ग, सिग्नलची आजच्यासारखी व्यवस्था नाही, दोन गाड्यांमध्ये अंतर राखायचं ते फक्त छापील वेळापत्रकाने आणि खिशातल्या घड्याळाने. अशा ठिकाणी चार मिनिटं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

या अपघातानंतर रेल्वेने क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांना घड्याळांच्या तपासणीची व्यवस्था लावायला नेमलं. (हे बॉल स्वतः घड्याळं विकत होते, त्यामुळे ही चार मिनिटांची गोष्ट पसरण्यात त्यांचं नुकसान नव्हतं, हेही लक्षात ठेवावं.) पुढच्या काही वर्षांत अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी जे नियम केले ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या स्पेसिफिकेशनपेक्षा नेटके आहेत. घड्याळ उघड्या तोंडाचं हवं, म्हणजे तबकडीवर झाकण नको. आकार १६ किंवा १८ साइज. किमान सतरा ज्वेल. किल्लीचं बटण बाराच्या आकड्यापाशी. तबकडीवर साधे, ठळक आकडे. किमान पाच स्थितींमध्ये जुळवलेलं, म्हणजे तबकडी वर, तबकडी खाली, बटण वर, बटण डावीकडे, बटण उजवीकडे, कसंही ठेवा, वेळ तीच. थंडीत गोठणबिंदूपासून उन्हाळ्यात ३८ अंशांपर्यंत तापमानात फरक पडता कामा नये. आणि आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त पुढे-मागे चालणार नाही.

त्यातला मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे लिव्हर सेटिंगचा. साध्या घड्याळात बटण ओढलं की काटे फिरतात. रेल्वेच्या घड्याळात पुढची काच फिरवून काढायची, तबकडीच्या कडेला लपलेली छोटी पट्टी नखाने ओढायची, आणि मगच बटणाने काटे हलतात. का? तर किल्ली देताना चुकून काटे सरकू नयेत म्हणून. वापरणारा गडबडीत चूक करणार हे गृहीत धरून केलेलं डिझाइन. हे वाचलं तेव्हा त्या अनोळखी इंजिनीअरला मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हा फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. अमेरिकेत हे घड्याळ रेल्वे देत नसे. ड्रायव्हरने, गार्डने ते स्वतःच्या पगारातून घ्यायचं, बहुधा हप्त्याने, आणि ठरलेल्या तपासनीसाला ठरलेल्या दिवशी दाखवायचं.

आता ज्वेलचा हिशोब. ज्वेल म्हणजे माणकाचे बारीक खडे. श्रीमंती दाखवायला नव्हे, तर पोलादी अक्ष पितळेत फिरून भोक मोठं होऊ नये म्हणून. ही युक्ती १७०४ ची, लंडनमधली. निकोला फाशिओ नावाच्या स्विस गणितज्ञाने आणि डेबोफ्र बंधूंनी तिचं पेटंट घेतलं. १९०२ मध्ये ऑग्यूस्त व्हर्नॉयची कृत्रिम माणकाची पद्धत जाहीर झाली आणि खडे स्वस्त झाले. सात ज्वेलच्या घड्याळात मागेपुढे फिरणाऱ्या बॅलन्स व्हीलच्या अक्षाला वरखाली मिळून चार, त्याच अक्षावरच्या चकतीत एक, आणि चाकाचे दाते अडवणाऱ्या पॅलेटला दोन. संपलं. पंधरामध्ये पुढच्या चाकांना आठ मिळतात, सतरामध्ये मधल्या चाकाला दोन. म्हणजे सात ज्वेलचं घड्याळ वाईट नव्हे, पण त्याची बाकीची चाकं पितळेतच घासतात. शेतावर, दुकानात, चर्चला जायला उत्तम. समोरून गाडी येत असताना नको.

मग इंजिन कुठून आलं? त्या काळी अमेरिकेत यंत्र आणि डबी बहुतेक वेळा वेगवेगळी विकली जात. गिऱ्हाईक जवाहिऱ्याकडे जाई, खिशाला परवडेल ते यंत्र निवडी, मग डबी निवडी. जवाहिरा दोन स्क्रू पिळून बसवून देई. हरणाचं चित्र, फुलांची वेलबुट्टी, घोडा, इंजिन, जे आवडेल ते. एखाद्या शेतकऱ्याला इंजिन आवडलं, त्याने घेतलं. त्यात कुणी कुणाला फसवलेलं नव्हतं. फसलो मी, शंभर वर्षांनी, कारण मी कपड्यांवरून माणूस ओळखायला गेलो.

डबीचीही एक गंमत आहे. अनेक डब्यांच्या आत "२० वर्षांची गॅरंटी" असं कोरलेलं असतं. नवखा माणूस समजतो, वा, घड्याळाची गॅरंटी. ती सोन्याची. दोन सोन्याच्या पत्र्यांमध्ये हलका धातू दाबून केलेली ही डबी, आणि वीस वर्षांत वरचं सोनं झिजून पितळ दिसणार नाही एवढंच ते वचन. म्हणजे "वर्षं" लिहिलेली डबी कधीच अस्सल सोन्याची नसते. हे एक वाक्य माहीत असलं की बाजारात पुष्कळ पैसे वाचतात.

जसजसं वाचत गेलो तसतसं एक लक्षात आलं. घड्याळावरची प्रत्येक खूण ही कुठल्या तरी जुन्या लबाडीला दिलेलं उत्तर आहे.

इंग्लंडमध्ये १६९८ साली कायदा झाला की परदेशी पाठवायच्या घड्याळावर कारागिराचं नाव आणि गाव कोरलेलं हवं. कारण लंडनच्या घड्याळांना भाव होता आणि रिकाम्या डब्या बाहेर नेऊन त्यात भलतीच यंत्रं बसवली जात. मग काय झालं? लबाडांनी नावंच कोरायला सुरुवात केली. अठराव्या शतकात "लंडन" असं कोरलेली शेकडो घड्याळं युरोपात बनली, त्यांना आज संग्राहक "डच फोर्जरी" म्हणतात, जरी त्यातली पुष्कळ स्वित्झर्लंडकडची असावीत. त्यांच्यावरची कारागिरांची काही नावं लंडनमध्ये कुणाची नव्हतीच.

पॅरिसच्या ब्रेगेची तर इतकी नक्कल झाली की १७९५ च्या सुमारास त्याने गुप्त सही काढली. पँटोग्राफने तबकडीच्या इनॅमलवर, बाराच्या आकड्याजवळ, इतकी बारीक ओरखडलेली की समोरून दिसतच नाही. प्रकाश तिरका पडेल अशी तबकडी धरली तरच दिसते. आपल्या नोटांवरच्या छुप्या खुणांची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

मग अमेरिका. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५० साली एरन डेनिसन आणि एडवर्ड हॉवर्ड यांनी ठरवलं की घड्याळ यंत्राने बनवायचं, बंदुकीसारखं, सुटे भाग एकमेकांना बसतील असं. कारखाना १८५४ मध्ये वॉल्थमला गेला, १८५७ मध्ये दिवाळं वाजलं, लिलावात दुसऱ्याने घेतला, आणि मग तो चालला. १८६४ मध्ये शिकागोकरांनी त्यांच्याच माणसांना फोडून एल्जिनची कंपनी काढली. (जास्त पगार देऊन स्पर्धकाची टीम उचलायची प्रथा आमच्या धंद्याने शोधली असं मला उगीच वाटत होतं.) एल्जिनचं पहिलं घड्याळ १८६७ मध्ये विकलं गेलं, नंबर १०१, किंमत ११७ डॉलर. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे सहा कोटी घड्याळं त्यांनी केली आणि जवळपास प्रत्येकावर नंबर घातला. तो नंबर तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी नव्हता. अक्ष मोडला, दाता तुटला, तर कुठल्या मॉडेलचा भाग हवा हे कळावं म्हणून होता. पण आज शंभर वर्षांनी टिकलेली सगळ्यात विश्वासाची खूण तीच आहे. शोभेसाठी केलेल्या खुणेपेक्षा कामासाठी केलेली खूण जास्त खरं बोलते.

१८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे यंत्रकाम बघून स्विस पाहुणे हादरले. त्याआधीच्या चार वर्षांत त्यांची अमेरिकेला होणारी निर्यात चौथाईवर आली होती. लाँजिनचे झाक डेव्हिड यांनी परत जाऊन अहवाल लिहिला, आणि चांगल्या स्विस कंपन्यांनी धडा घेऊन कारखाने सुधारले. बाकीच्यांनी सोपा मार्ग धरला. अमेरिकन दिसणारी प्लेट, अमेरिकन वाटणारं कंपनीचं नाव, वर ठळक अक्षरांत "ॲडजस्टेड", "२३ ज्वेल्स", आणि शोभेचे खडे जिथे काहीच फिरत नाही तिथे बसवलेले. तबकडीवर किंवा पाठीवर? हो, इंजिन.

तर आता मी घड्याळ कसं बघतो? डबी शेवटी बघतो. आधी विचारतो, मागचं झाकण उघडू का? नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे. उघडलं की यंत्रावरचा नंबर, कंपनी आणि ग्रेड टिपून घेतो आणि तिथेच उभं राहून यादीशी ताडून बघतो. नंबर सात ज्वेलचा आणि प्लेटवर एकवीस लिहिलेले, असं निघालं की गडबड आहे. मग डबीच्या आतल्या कडेवर स्क्रूचे व्रण बघतो. यंत्राच्या दोन स्क्रूंपाशी नसलेले व्रण दिसले तर डबीने दुसरं कुणीतरी आधी सांभाळलंय. तसं असणं पाप नाही, पण "मूळचंच आहे" म्हणून जास्त पैसे मागणं पाप आहे. मग गंज. मग बॅलन्स व्हील. घड्याळ हलक्या हाताने फिरवलं की ते ऐसपैस, डगमग न करता झोके घेतं का. तबकडीवर केसासारखी चीर आहे का, ते तिरक्या उजेडात. आणि "चालू आहे" या दोन शब्दांना मी शून्य मार्क देतो. वाळलेल्या तेलावरही घड्याळ चालतं, फक्त ते चालताना स्वतःलाच खात असतं. सफाई आणि तेलपाणी करून घ्यायचा खर्च पुष्कळदा घड्याळापेक्षा जास्त येतो, तो किमतीत धरूनच बोलायचं. माझ्या सात ज्वेलच्या एल्जिनला धरला नव्हता, म्हणून ते मला एकूण तीनशेला पडलं.

एवढं सगळं शिकल्यावर जे व्हायचं तेच झालं. दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलो तेव्हा भिंग बॅगेत होतं.

दसरा नव्हता, तरी बाबांनी डबा काढला. "आता तुला कळतं ना यातलं, बघ बरं अण्णांचं घड्याळ." मी हातात घेतलं आणि झाकण उघडायच्या आधीच पोटात कसंतरी झालं. पाठीवर इंजिन होतं, पण अक्षरं नव्हती. इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्या आपल्या नोकरांना घड्याळं देत आणि त्यावर कंपनीची आद्याक्षरं कोरत. आपल्याकडच्या रेल्वेंची अशी अक्षरं असलेली घड्याळं मी पाहिली आहेत. रेल्वेने बक्षीस दिलं असतं तर नाव तरी असतं, तारीख तरी असती. तबकडीवर, पुसट झालेलं, "सिस्टीम रॉस्कॉफ".

झाकण उघडलं. एकही माणिक नाही. पॅलेटला खड्यांऐवजी पोलादाच्या दोन टाचण्या.

जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ हा मूळचा जर्मन, स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँ गावात स्थायिक झालेला. त्याचं वेड एकच. कामगाराला परवडेल असं, पण नीट चालणारं घड्याळ करायचं, वीस फ्रँकला. त्याने मधलं मोठं चाक काढून टाकलं, सुटे भाग निम्म्याहून कमी केले, खड्यांऐवजी टाचण्या लावल्या. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. घड्याळाला लोक म्हणत "प्रोलेतेर", म्हणजे कष्टकऱ्याचं. स्वित्झर्लंडमध्ये १८८८ पर्यंत पेटंटचा कायदाच नव्हता, त्यामुळे नक्कल करणाऱ्यांची चंगळ झाली. "सिस्टीम रॉस्कॉफ" लिहिलेली लाखो घड्याळं जगभर गेली, पुष्कळांच्या पाठीवर इंजिन. संग्राहकांच्या बाजारात आज त्यांना फारशी किंमत नाही.

"काय रे, काय झालं?" बाबांनी विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला, हे कबूल करतो. ऐंशी ओलांडलेला माणूस. पण याच बाबांनी मला गणितातली उत्तरं पाठीमागची पानं बघून लिहू दिली नव्हती. मी सगळं सांगितलं. टाचण्या दाखवल्या. अक्षरं नाहीत हे दाखवलं. म्हटलं, भराव खचला असेल, गाडी थांबवली असेल, त्याबद्दल घड्याळ काही सांगू शकत नाही. पण हे रेल्वेने दिलेलं दिसत नाही. हे दुकानातलं आहे. स्वस्तातलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. आई चहा ठेवून गेली. मग म्हणाले, "म्हणजे अण्णांनी हे स्वतः घेतलं?"

"तसंच दिसतंय."

"घरात सात माणसं खाणारी होती," ते म्हणाले. आणि घड्याळ माझ्या हातातून घेऊन, दसऱ्याला पुसतात तसं पुसून, त्यांनी हळूच दोन-तीन वेळा किल्ली फिरवली. रॉस्कॉफचा आवाज मोठा असतो. तो पुढच्या खोलीपर्यंत ऐकू गेला.

आता ते घड्याळ डब्यात नसतं. टीव्हीशेजारी असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा गोष्ट सांगतात, पण साहेब त्यातून गेलेला आहे. माझं सात ज्वेलचं एल्जिन मी इथे शिकागोला टेबलावर ठेवलंय. त्याची किंमत मला आता नेमकी माहीत आहे. दुसऱ्याची लावायला मी जात नाही.